टिळकवाडीतील कौटुंबिक समुपदेशन केंद्र : सात बैठकांनंतरचा अभिप्राय

बेळगावच्या टिळकवाडीत, आतल्या एका शांत रस्त्यावरील इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये हे कौटुंबिक समुपदेशन केंद्र चालते. केंद्राचे आणि तिथल्या समुपदेशक बाईंचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण इथे कोण कोणाच्या जिन्यावर दिसले ही बातमी संध्याकाळपर्यंत खडे बाजारात पोहोचते, आणि तिथे येणाऱ्या इतर कुटुंबांना माझ्या लिहिण्याचा उपद्रव होऊ नये असे मला वाटते. गेल्या वर्षी जून ते डिसेंबर या काळात आमच्या घरची माणसे तिथे सात वेळा गेली. बैठक ५० मिनिटांची, शुल्क ८०० रुपये, आणि बोलण्याची भाषा मराठी, कन्नड किंवा इंग्रजी, ज्याला जी सोयीची असेल ती. एवढे आधीच सांगते, कारण घरातल्या एकीची श्रद्धा उरली नाही आणि त्यावरून नात्यांत दुरावा आला, या ज्या प्रश्नासाठी आम्ही तिथे गेलो त्यासाठी आपल्या भागात कोणाचे दार ठोठवावे हेच आम्हाला कित्येक महिने सुचत नव्हते.

माझ्या धाकट्या भावाची पत्नी फिलिपिन्सची, मनिलाच्या दक्षिणेकडील बातांगास प्रांतातली आहे. ती परिचारिका, दोघांची ओळख दुबईत झाली. तिच्या वकिलातीकडून विवाहक्षमतेचा दाखला आणून आणि ३० दिवसांची नोटीस लावून विशेष विवाह कायद्याखाली बेळगावातच त्यांचे लग्न झाले. आता दोघे इथेच राहतात आणि त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या आजीचे, त्यांच्या भाषेत लोलाचे, निधन झाले. त्यांच्याकडे मृत्यूनंतर नऊ रात्री घरात जपमाळेची प्रार्थना होते, तिला पासियाम म्हणतात. थोरली नात म्हणून एका रात्रीची प्रार्थना तिने फोनवरून सांगावी असे तिच्या आईने, म्हणजे नानायने, ठरवले. त्या वेळी हिने प्रथमच उघडपणे सांगितले की सहा वर्षांपासून आपली श्रद्धा उरलेली नाही, आणि ज्या लोलाने खोटे बोलू नये हे शिकवले तिच्या नावाने आपण खोटी प्रार्थना करणार नाही. त्यानंतर चार महिने नानाय तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

हे दुःख किती खोल आहे हे आम्हाला आरंभी समजले नाही. आमचा समज असा की एखादे माणूस चर्चमध्ये जात नाही, एवढीच ती गोष्ट. भावजयीने बैठकांमध्ये जे सांगितले त्यातून हळूहळू उलगडले की तिच्या देशात धर्म हा घराच्या भिंतींत चिणलेला असतो. २०२० च्या तिथल्या जनगणनेत ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक नोंदले गेले, मुसलमान ६.४ टक्के आहेत, आणि कोणताच धर्म नाही असे सांगणारे अगदी मूठभर. राज्यघटना १९८७ ची. तिच्यात धर्मसंस्था आणि शासन यांची फारकत स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. तरीही व्हॅटिकन वगळता घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेला जगात तेवढाच एक देश उरला आहे, फक्त तिथल्या मुसलमानांसाठी वेगळी तरतूद आहे. वर्षाचे पंचांगच चर्चचे असते. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटे सिम्बांग गाबीच्या प्रार्थनेला जायचे, नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सगळ्या कुटुंबाने कबरींवर मेणबत्त्या लावून तिथेच जेवायचे, आणि मुलाच्या बाप्तिस्म्याला अनेक निनोंग आणि निनांग, म्हणजे मानलेले धर्मपिता आणि धर्ममाता, उभे करायचे, जे पुढे शिक्षणाला, नोकरीला, लग्नाला आधार होतात. यातून बाहेर पडणाऱ्याची केवळ प्रार्थना सुटत नाही, नात्यांची सगळी वीण उसवते.

शिवाय कॅथलिक चर्चमधून बाहेर पडण्याचा रीतसर मार्गही आता नाही. बाप्तिस्मा पुसता येत नाही, ही त्यांची शिकवण आहेच. पण १९८३ च्या धर्मविधिसंहितेत ‘औपचारिक कृतीने चर्च सोडणे’ असा जो उल्लेख विवाहाच्या नियमांत होता, तोही पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली काढून टाकला. त्यामुळे नानायच्या दृष्टीने मुलगी कॅथलिकच आहे, फक्त वाट चुकलेली, आणि मुलीच्या दृष्टीने ती कॅथलिक नाही. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नाही. याउलट इग्लेसिया नी क्रिस्तो हा १९१४ साली फेलिक्स मनालो यांनी नोंदवलेला तिथलाच ख्रिस्ती संप्रदाय. त्यात नियम मोडणाऱ्याचे नाव रीतसर काढले जाते आणि त्याला तिवालाग म्हणतात. भावजयीची एक सहकारी तशी काढली गेली होती. तिच्याविषयी बोलताना भावजय म्हणाली होती की निदान तिला आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक तरी होते.

सर्वांत अवघड गोष्ट पैशाची निघाली, आणि ती बाहेर काढली याचे पूर्ण श्रेय या केंद्राला द्यावे लागेल. फिलिपिनो कुटुंबात ‘उतांग ना लोओब’ अशी एक कल्पना आहे. आतून वाटणारे, कधीही न फिटणारे उपकाराचे ऋण असा तिचा अर्थ सांगता येईल. आईवडिलांचे ऋण त्यात सर्वांत मोठे. परदेशी काम करणारी मुले दरमहा घरी पैसे पाठवतात त्यामागे हीच भावना असते, आणि भावजयही धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च पाठवत असे. पासियामच्या प्रसंगानंतर नानायने दोन महिने ते पैसे घेतलेच नाहीत. आम्ही त्याला राग समजत होतो. पाचव्या बैठकीत उलगडा झाला की नानायला वाटत होते, जिने देवालाच नाकारले तिने आईचे ऋणही नाकारले, मग तिचे पैसे कोणत्या नात्याने घ्यावेत? आपल्याकडे मातृऋण, पितृऋण हे शब्द आहेत, म्हणून माझ्या आईला हे सर्वांआधी कळले. ती त्या दिवशी घरी येताना रिक्षात रडत होती.

आता केंद्राच्या कामाविषयी, आणि त्यात आधी जे चुकले त्याविषयी. पहिल्याच दिवशी बाहेरच्या खोलीत एक अर्ज भरायला दिला. त्यात धर्माचा रकाना होता आणि निवडण्यासाठी सहा नावे छापलेली होती. भावजयीने तो रकाना कोरा सोडला. अर्ज घेणाऱ्या मुलीने तिच्या नावाकडे पाहून तिच्यासमोरच ‘ख्रिश्चन’ या शब्दापुढे खूण केली. त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हते, तिला कागद पूर्ण करायचा होता. पण ज्या एका गोष्टीसाठी आम्ही तिथे आलो होतो, ती दारातच पुसली गेली. आपल्या देशातही २०११ च्या जनगणनेत धर्म सांगितला नाही अशी नोंद सुमारे २९ लाख लोकांची आहे. त्यांच्यासाठी अर्जावर एक ओळ असणे हे फार मोठे मागणे नाही. नंतर तो अर्ज बदलला गेला आणि तो रकाना ऐच्छिक केला गेला, हे इथे नोंदवणे न्यायाचे होईल.

दुसऱ्या बैठकीतील चूक याहून मोठी होती. समुपदेशक बाई पन्नाशीच्या, बोलण्यात ममता, अनुभव दांडगा. भावजयीने आपली श्रद्धा कशी ओसरली ते सांगायला सुरुवात केली. रुग्णालयातील रात्रपाळ्या, लहान मुलांच्या वॉर्डातील मृत्यू, आणि मनिलात २००९ साली सुरू झालेल्या फिलिपिनो फ्रीथिंकर्स या मुक्तविचारी लोकांच्या गटाविषयी वाचल्यावर आपण एकट्या नाही हे समजल्याचा दिलासा, हे सारे ती सांगत होती, तेवढ्यात बाईंनी तिचा हात धरून म्हटले, “बाळ, शेवटी सगळे देव एकच असतात, नाव वेगळे.” आपल्या भागात हे वाक्य अत्यंत प्रेमाने बोलले जाते. एकाच गल्लीत दर्गा, बसवण्णाचे मंदिर आणि विठ्ठलाचे देऊळ सुखाने नांदते ते याच वाक्याच्या बळावर, आणि मला ते मनापासून प्रिय आहे. पण ज्या माणसाने देव आहे हेच मानणे थांबवले आहे, त्याला हे वाक्य म्हणजे त्याचे बोलणे ऐकूच न घेणे असते. भावजय गप्प झाली आणि तिसऱ्या बैठकीला ती आली नाही.

मी बाईंना फोन करून जे घडले ते सांगितले. त्यांनी स्वतःचे समर्थन केले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी भावजयीची माफी मागितली आणि आपण ऐकण्याआधीच उत्तर दिले हे कबूल केले. चूक झाल्यावर व्यावसायिक माणूस कसा वागतो यावरून मी त्याला जोखते, आणि माझ्या लेखी हे केंद्र त्या दिवशी विश्वासाला पात्र ठरले.

आमच्या घरचा गैरसमजही तिथेच उघड झाला. आमच्या देवघरात यल्लम्माची परडी आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी ती भरली जाते. सुनेने स्वतःचा धर्म सोडला हे कळल्यावर आईला दुःख झाले नाही. उलट आता ती आमच्यात येईल अशी आशा तिच्या मनात जागी झाली. गौरीच्या सणाला हिरवा चुडा, करंडा, परडी भरायचे आमंत्रण, सगळे प्रेमानेच झाले, आणि भावजयीने नम्रपणे नको म्हटल्यावर आईला ते स्वतःला नाकारल्यासारखे लागले. सीमाभागात वाढलेल्या आम्हा माणसांना तरी हे आधी समजायला हवे होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्याला प्रत्येक जण विचारत आला आहे की तुम्ही इकडचे की तिकडचे. एका बाजूला नाही म्हटले की दुसऱ्या बाजूला गृहीत धरले जाण्याचा जाच आपल्याइतका कोणाला ठाऊक असेल? बाईंनी आईला एवढेच विचारले की सून परडी न भरता तुमच्याशेजारी बसली तर चालेल का. आईने बराच वेळ विचार करून होय म्हटले. आता शुक्रवारी ती शेजारी बसते, फुले निवडून देते आणि आईच्या गुडघ्याला तेल लावते.

आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती भीतीची होती. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि ऑगस्टमध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गी या विवेकवादी विचारवंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बेळगाव या दोन्ही शहरांच्या मध्ये आहे. देव मानत नाही हे वाक्य घराबाहेर जाता कामा नये, असे आईने मुलाला बजावले होते, आणि ते का, हे सुनेला कोणी सांगितले नव्हते. सुनेला तो अपमान वाटत होता. नानायचीही हीच भीती होती हे कळल्यावर दोघी विहिणींचे सूर प्रथमच जुळले. मनिलात कार्लोस सेल्द्रान या शहरदर्शन घडवणाऱ्या कलावंताने ३० सप्टेंबर २०१० रोजी कॅथेड्रलमधील प्रार्थनेच्या वेळी ‘दामासो’ असा फलक धरला होता. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिसाल यांच्या कादंबरीतील दुष्ट धर्मगुरूचे ते नाव, आणि कुटुंबनियोजनाच्या कायद्यात चर्चने चालवलेल्या हस्तक्षेपाचा तो निषेध होता. धार्मिक भावना दुखावण्याबद्दल दंडसंहितेच्या कलम १३३ खाली त्याला शिक्षा झाली, ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली, आणि देश सोडून स्पेनला गेलेला तो माणूस २०१९ साली माद्रिदमध्ये वारला. ज्या विधेयकासाठी तो उभा राहिला तो कायदा २०१२ साली झाला होता. नानायने आपल्या मुलीला समाजमाध्यमांवर काही लिहू नकोस म्हणून जी काकुळत केली होती तिच्यामागे ही आठवण होती. इथे केंद्राकडून माझी एक अपेक्षा अपुरी राहिली. भारतात धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे जुन्या दंडसंहितेचे कलम २९५अ, आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, नेमके काय म्हणते आणि घरात किंवा ओळखीत आपले मत सांगणे हा गुन्हा नाही, हे सांगणारे कोणी तिथे नव्हते. ते आम्हाला एका वकील स्नेह्याकडून समजून घ्यावे लागले.

पाचवी आणि सहावी बैठक नानायला दृक्‌संवादावर घेऊन झाली. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून आमची दुपारी चारची बैठक तिच्याकडे साडेसहाला भरली. बाईंची पद्धत साधी होती. एकीने बोलायचे, दुसरीने जे ऐकले ते आधी परत सांगायचे आणि मगच उत्तर द्यायचे. नानाय इंग्रजीत बोलायला लागली की तिचे शब्द औपचारिक होत आणि रडू आले की ती तागालोगमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत, जाई. तेव्हा भावजयच आईचे म्हणणे बाईंना सांगे. ज्या मुलीवर आरोप आहे तिनेच आरोपाचे भाषांतर करावे, हा तिच्यावर फार मोठा भार होता. केंद्राने निदान एका बैठकीपुरता दुभाषा शोधायला हवा होता. तरीही त्या भाषांतरातूनच एक गोष्ट घडली. नानायने ‘हिया’ हा शब्द वारंवार वापरला. त्याचा अर्थ लाज, चारचौघांत मान खाली जाणे. भावजयीने तो बाईंना समजावताना स्वतःच थांबून विचारले की नानायला लाज देवासमोर वाटते की शेजारणींसमोर. नानाय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की दोन्हींपेक्षा जास्त लाज स्वतःच्या आईसमोर, गेलेल्या लोलासमोर वाटते, कारण नातीला श्रद्धा द्यायचे काम आपले होते आणि ते आपल्याला जमले नाही.

तिथून बोलणे देवावरून उतरून तिघींच्या नात्यावर आले. देव आहे की नाही याचा निर्णय त्या खोलीत कोणी मागितला नाही. बाईंनी दोघींना एवढेच काम दिले की श्रद्धा नसली तरी कोणत्या गोष्टी खऱ्या मनाने करता येतील ते प्रत्येकीने लिहून आणावे. भावजयीच्या कागदावर पहिली गोष्ट मानो होती. वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेण्याची त्यांची रीत, आपल्या वाकून नमस्कार करण्यासारखी. ती तिने कधी सोडलीच नव्हती. दुसरी लोलाच्या आठवणी सांगणे, तिसरी भावाच्या शिक्षणाचे पैसे. नानायच्या कागदावर एकच ओळ होती, की मुलीने आपल्यासमोर श्रद्धेचा अभिनय करू नये आणि आपल्या प्रार्थनेची थट्टा करू नये. ती ओळ वाचून आम्हा सगळ्यांनाच नवल वाटले, कारण अभिनय करावा लागेल याच भीतीने भावजय सहा वर्षे गप्प राहिली होती.

यंदा फेब्रुवारीत लोलाचे वर्षश्राद्ध झाले, त्याला ते बाबांग-लुक्सा, म्हणजे सुतक उतरणे, म्हणतात. भावजयीने इथल्या स्वयंपाकघरात शेवयांचे पान्सित केले आणि फोन समोर ठेवून प्रार्थनेच्या संपूर्ण वेळात ती शांत बसून राहिली. जपमाळ संपल्यावर नानायने तिला लोलाविषयी बोलायला सांगितले आणि ती वीस मिनिटे बोलली. शेवटी नानायने आपला हात फोनच्या पडद्याजवळ आणला आणि हिने इकडे पडद्यावर कपाळ टेकले. माझी आई दारात उभी राहून हे पाहत होती. पैसे आता नियमित स्वीकारले जातात. मावश्यांच्या गटात हिच्यासाठी प्रार्थना मागणारे संदेश अजून येतात, ते ती वाचते आणि आभार मानते.

व्यवहाराच्या काही गोष्टी. केंद्र सोमवारी बंद असते. संध्याकाळच्या वेळा आठ-दहा दिवस आधी फोन करून घ्याव्या लागतात. दोन खोल्यांमधील भिंत पातळ आहे. बाहेर बसलेल्याला आतले बोलणे ऐकू येते, आणि अशा कामात ही उणीव गंभीर आहे, त्यांनी ती तातडीने दूर करावी. वृद्ध माणसांना जिना अवघड जातो. निपाणी, खानापूर, चिकोडीहून येणाऱ्यांना दूरध्वनीवर बैठक मिळते, पण पहिली भेट समोरासमोर घ्यावी असा त्यांचा आग्रह असतो आणि तो मला योग्य वाटला. ज्यांना घरच्या माणसाला पुन्हा धर्मात आणायचे आहे, किंवा ज्यांना आईवडिलांची श्रद्धा मोडून काढायची आहे, त्यांनी तिथे जाऊ नये, कारण ते काम तिथे होत नाही. एकाच ताटात जेवायची इच्छा अजून शिल्लक असलेल्या घरांनी मात्र जरूर जावे.

आमचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. नातीचा बाप्तिस्मा व्हावा असे नानायला वाटते, मुलगी कळती होऊन स्वतः ठरवीपर्यंत थांबावे असे भावजयीला वाटते, आणि जावळ तरी काढायलाच हवे होते असे आईचे म्हणणे आहे. त्यासाठी आम्ही पुढच्या महिन्यातील दोन वेळा घेतल्या आहेत, आणि या वेळी तागालोग जाणणारी दुसरी व्यक्ती शोधून ठेवायला बाईंना आधीच सांगितले आहे.